ओठाला लावलेला तांदूळ

अख्खामामांना माणसं चेहऱ्यावरून कमी आणि तांदळावरून जास्त ओळखू येत. गिरणी चालू असली की त्यांचा उजवा हात तांदूळ पडायच्या तोंडाखाली, कान बोलणाऱ्याकडे आणि डोळे तिसरीकडेच कुठेतरी. धार बोटांमधून जाऊ देत ते मध्येच विचारत, "ओढ्याकाठचा तुकडा ना रे हा? कापायला उशीर केलास." समोरचा गडी ओशाळून हसायचा, कारण ते खरं असायचं.

मामा माझ्या आईचे एकुलते भाऊ. शेणव्याच्या पुढे मुरबाडच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात त्यांची भात भरडायची गिरणी होती. मी लग्न होऊन त्याच गावात आले, त्यामुळे सासरी असूनही मला अर्धं माहेर मिळालं. शेणव्याच्या शाळेत मी शिकवत असे. शाळेतून येताना गिरणीत डोकावायचं, कोंडा उडालेला ओटा पदराने झटकून बसायचं आणि मामांच्या हातचा गोडमिट्ट चहा प्यायचा, हा नव्वद सालापासूनचा शिरस्ता होता.

त्यांचं 'अख्खा' हे नाव गावाने ठेवलेलं. तांदूळ अख्खा पडला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चार दाणे तुटलेले लागले की ते गिरणी थांबवत आणि हलरचं, म्हणजे भात सोलणाऱ्या यंत्राचं, चाक अर्धा फेरा सैल करून पुन्हा चालू करत. मागे बायकांची रांग लागलेली असायची, त्या कुरकुर करायच्या. मामा म्हणत, "कणीच पायजे तं इथं कशाला आलाव? घरी उखळ हाय की." बायका तोंडाला पदर लावून हसत आणि थांबत. मुरबाडकडून बैलगाडीने भात घेऊन येणारी माणसंही तशीच थांबत.

दोन हजार तीन साली मामांच्या आतड्यात कॅन्सर निघाला. मामी आधीच गेलेली, मुलगी लांब गुजरातेत दिलेली, म्हणून मुंबईच्या वाऱ्या माझ्याकडे आल्या. ऑपरेशन झालं आणि मग बारा वेळा सलाईनमधून औषध घ्यायचं ठरलं. पूर्ण बारा डोस घ्यायचेच, एकही चुकवायचा नाही, हा हट्ट माझा. मी शिक्षिका, अर्धवट काही सोडलेलं मला खपत नाही.

पाचव्या खेपेला बाहेरच्या बाकावर मामा हळूच म्हणाले, "बाय, बोटांना मुंग्या येतात गो. थंड तांब्या धरवत नाय, वीज लागल्यागत होतं." मी म्हटलं, ते आत सांगू नका, नाहीतर औषध बंद करतील. मामा बरं म्हणाले. आत डॉक्टरांनी हातापायांना मुंग्या येतात का, असं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मीच त्यांच्या वतीने सांगून टाकलं, तसं काही नाही. पुढच्या प्रत्येक खेपेला तेच विचारलं गेलं आणि मी तेच उत्तर दिलं. सगळं संपल्यावर, मुंग्या जाऊन हात बधिर झाले तेव्हा, डॉक्टर म्हणाले की आधी कळलं असतं तर औषधाचं प्रमाण कमी केलं असतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

कॅन्सर गेला. गावाने मामांना हार घातला, पेढे वाटले. पण मामांची बोटं गेली होती आणि पावलंही. उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठे गळून पडली ते घरी येईपर्यंत कळायचं नाही. सदऱ्याची बटणं लावायला इतका वेळ लागायचा की शेवटी ते गंजीफ्रॉकवरच हिंडू लागले. एकदा इंजिनाच्या तापलेल्या नळीवर हात टेकून बोलत उभे राहिले आणि जळका वास कुठून येतोय म्हणून आम्हालाच विचारू लागले. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. नसा वर्षभरात सुधारतील किंवा नाही सुधारणार, म्हणाले. जीव वाचला हे मोठं समजा, असंही म्हणाले. मामा मान हलवत होते, पण बसमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "जीव वाचला तो काय करायला, ता नाय बोलले."

मग उपाय सुरू झाले. म्हसा गावच्या जत्रेतून कोणीतरी काळं तेल आणून दिलं, त्याने नुसता बिछाना काळा झाला. तिळाचं तेल झालं, निर्गुडीचा पाला झाला, एका वैदूने पायांना मध लावायला सांगितला आणि मामा दोन दिवस माश्या हाकलत बसले. खरा उपाय त्यांचा त्यांनाच सापडला. हलरमधून कोंडा बाहेर पडतो तेव्हा तो चांगला कोमट असतो. मामा त्याची पाटी भरून घेत, तिच्यात पाय रोवत आणि हात कोपरापर्यंत खुपसून बसत. रात्रंदिवस पावलं टाचण्यांवर ठेवल्यासारखी टोचत असायची. तेवढा वेळ टोचणी थांबे, आणि चेहरा असा निवांत होई की बघणाऱ्यालाच झोप यावी. गिरणी थांबून कोंडा निवला की मामा पुन्हा उठून येरझारा घालू लागत.

पण गिरणी नीट चालेना. मामा हात धारेखाली धरत, आणि त्यांना काहीच लागत नसे. पोत्यामागून पोतं कणी होऊन जाऊ लागलं. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "रविवारची येत जा. तुझी बोटं दे मला थोडी." मी गेले. धारेखाली हात धरून मी सांगे, तांदूळ चांगला लागतोय. मामा वैतागत, "चांगला म्हंजे काय गो? टोकं टोचतात का? पावडर चिकटते का?" मला काही सांगता येत नसे. चौदा-पंधरा वर्षं मुलांना प्रश्न विचारणारी मी तिथे मठ्ठ मुलीसारखी उभी राहायचे. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मला वह्या तपासायच्या होत्या. पाचव्याला काय होतं ते आता आठवत नाही.

नंतर एकदा गिरणीत गेले तर मामांनी नवी युक्ती काढली होती. पडत्या तांदळातले चार दाणे चमच्यात घेऊन ते खालच्या ओठावर फिरवायचे, डोळे मिटायचे आणि चाकाला हात घालायचे. तांदूळ पुन्हा पूर्वीसारखा अख्खा पडत होता. ओठाला लावलेले दाणे ते परत पोत्यात कधीच टाकत नसत, दाराशी कोंबड्यांना टाकत. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं.

पण गावाने फक्त ओठ पाहिला. उष्टा तांदूळ देवाला कसा चालेल, अशी कुजबुज सुरू झाली. त्यात कोणीतरी कॅन्सर लागतो असं जोडून दिलं. मी मामांना म्हटलं, लोक बोलतात, तोंडाला लावू नका. त्यांनी चमचा गंजीफ्रॉकला पुसला.

"मग काय लावू? बोटं गेली, आता ओठ हायत. तेपन नको बोलता तुमी?"

मी 'लोक' म्हटलं होतं. मामा 'तुमी' म्हणाले. तो फरक मला तेव्हा टोचला आणि मी विषय बदलला.

त्या वर्षी नवं भात घरात आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या की देवाचा पहिला भात मामांकडच्या तांदळाचा नको, शहापूरला नवी गिरणी झालीय तिकडे न्या. त्या वाईट बाई नव्हत्या. मी समजावलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. शाळेत मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे की कॅन्सर हा संसर्गजन्य रोग नाही. घरात मी एक अवाक्षर काढलं नाही. पाच पोती टेंपोत घातली आणि टेंपोवाल्याला सांगितलं, गिरणीवरून नको, नदीच्या बाजूने काढ. नवरा म्हणाला, अगं तिकडे रस्ता खराब आहे. मी म्हटलं, असू दे.

पंधरा दिवसांनी मामा आमच्याकडे जेवायला आले. मीच बोलावलं होतं. मन खात होतं म्हणून असेल. भात, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी असा बेत होता. मामा आता चमच्याने जेवत. पहिला घास तोंडात घेतला आणि ते थांबले. घास जिभेवर इकडून तिकडे फिरवला. मी पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

"भात कुठं भरडला, बाय?"

"तुमच्याकडेच की मामा," मी म्हटलं. सासूबाई आत निघून गेल्या.

मामांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांपुढे मी त्यांच्या वतीने उत्तर द्यायचे तेव्हा बघत, तसंच. मग "बरा हाय" म्हणाले आणि सगळं ताट संपवलं. आजारपणानंतर ते इतके कधी जेवले नव्हते. आणखी भात मागून घेतला.

त्या दिवाळीनंतर गिरणी उघडली नाही. लोकांना त्यांनी सांगितलं की इंजिनाचं काम निघालंय. मला काहीच सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाटीभर कोमट कोंडाही आता नव्हता. घमेल्यात गरम पाणी घेऊन ते पाय बुडवत, पण पाणी किती तापलंय ते कळत नसल्याने दोनदा फोड आले. म्हणून ते ओट्यावर नुसते पाय चोळत बसत. मी रोज शाळेतून येताना थांबत असे. दोन वर्षं थांबले, म्हणजे ते गेले तोपर्यंत. जगातल्या सगळ्या गोष्टी आम्ही बोललो. ती एक सोडून.

गिरणी बंद झाली त्याच्या पुढच्या सुगीला मामांच्या अंगणात त्यांच्या शेताच्या तुकड्यावरची भाताची दोन पोती येऊन पडली. मी चहा घेत होते. मामा अगदी सहज म्हणाले, "तुमी शहापूरला नेता ना टेंपो, त्यातच माझी दोन टाक. अन् नदीकडनं नको नेऊ, पोती फुटतील. इथनंच ने."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रडून मोकळी झाले असते. मी हो म्हटलं.

चार दिवसांनी तांदूळ घेऊन आले. मामा ओट्यावर पाय पसरून बसले होते. मी पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर तांदूळ काढला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, मामा, बघा तरी. त्यांनी चमचा मागितला नाही. मान उचलून बघितलंही नाही.

"तू बघितलास ना?" ते म्हणाले. "मग झाला."

मी बघितला नव्हता.