जरा म्हणजे किती

चाकाचा आउट काढताना आमच्या आत्याला ज्यानं पाहिलं नाही, त्याला ते मी काय सांगणार? पण सांगितल्यावाचून मला राहवतही नाही, तेव्हा ऐका.

आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा. सायकल खड्ड्यात आदळली की चाक डुलायला लागतं आणि फिरताना ब्रेकला घासतं. मग त्याच्या छत्तीस तारांपैकी कुठली आवळायची, कुठली सैल सोडायची, असं करत चाक सरळ आणायचं. काका गेल्यापासून सायकलचं दुकान आत्याच सांभाळायची. ती सायकल उलटी करायची, चाक गरकन फिरवायची, कडेशी अंगठ्याचं नख धरायची आणि चक्क डोळे मिटून घ्यायची. एका गिऱ्हाइकानं न राहवून विचारलं, "बाई, झोपलात की काय?"

"तू बोलतोयस तोवर कुठली झोप," आत्या म्हणाली. मग तिनं नखानं एक तार छेडली, टण्ण, शेजारची छेडली, टुक्क, आणि दुसऱ्या तारेचा पितळी नट चावीनं पिळला. पाच मिनिटांत चाक असं फिरायला लागलं की फिरतंय का थांबलंय ते कळेना.

पुढं रस्ता रुंद करायचं ठरलं आणि दुकानाच्या पत्र्यावर चुन्याची फुली आली. दोन महिन्यांत जागा सोडायची होती. आत्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. तेवढ्यात तांत्रिक शाळेनं सायकलकाम शिकवायला माणूस हवा म्हणून पाटी लावली. अट एकच. कामाची पद्धत लिहून द्यायची आणि त्या लिहिण्याबरहुकूम काम होतं हे दाखवायचं.

आत्या शिकलेली दुसरीपर्यंत. तिनं मला बोलावलं. मी तेव्हा नवा नवरदेव, कचेरीत कारकून, गावच्या शाळेत सातवीला पहिला आलेला. अक्षर मोत्यासारखं आणि गर्व त्याहून टपोरा.

"सांग आत्या, आधी काय करायचं?"

"चाक फिरवायचं."

"मग?"

"मग कळतं."

"काय कळतं?"

"अरे, ते फिरवल्यावर कळतं."

"असं कसं लिहू? बरं, तार किती आवळायची?"

"जरा."

"जरा म्हणजे किती?"

आत्यानं हवेत मनगट वळवलं. "एवढं. कधी जरासं. कधी किंचित. कधी नुसतं नावाला."

इथं मी माझी अक्कल पाजळली. मी फूटपट्टीनं कोष्टक आखलं. जरा म्हणजे पाव फेरा. जरासं त्याच्या निम्मं. किंचित त्याच्याही निम्मं. नावाला म्हणजे नट चावीत धरून सोडून द्यायचा. आत्या म्हणाली, "बाळा, दर तारेचं 'जरा' वेगळं असतं रे." मी म्हटलं, "आत्या, लिहिण्यात असं चालत नसतं."

आठ दिवसांत चाळीस पानं झाली. मला ती तोंडपाठ होती. मी आमच्या हिला सगळी म्हणून दाखवली. ही म्हणाली, "छान. आता आपल्या सायकलीचं चाक सरळ करा की." मी म्हटलं, मला वेळ नाही.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत गेलो. मोठे सर उंच, चष्मेवाले. त्यांनी वही उभ्याउभ्याच वाचली आणि खूश झाले. "वा! इतकं स्वच्छ मी कुणाचं वाचलं नाही. कुणी लिहिलं?"

"मी," असं मी आत्याच्या आधी बोलून गेलो.

"मग तुम्हीच करून दाखवा. लिहिण्याबरहुकूम होतं का ते बघू."

समोर एक किंचित डुलणारं चाक होतं. मी वही उघडली, चावी घेतली. पान सात, डावीकडं झुकल्यास उजवी तार जरा. दिला पाव फेरा. पान नऊ, उलट बाजूची जरासं. दिलं. प्रत्येक पान बरोबर होतं आणि प्रत्येक पानागणिक चाक बिघडत होतं. अर्ध्या तासात त्याचा आठचा आकडा झाला. फिरवलं तर अडकून उभंच राहिलं.

सरांनी वही मिटली. "बाई, पद्धत चालत नाही. मी काय करू, नियम आहे."

आत्याचा चेहरा उतरला. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. म्हणाली, "साहेब, तुमचा हात द्या." सर गोंधळले, पण त्यांनी हात दिला. तिनं त्यांचा अंगठा चाकाच्या कडेशी टेकवला, चावी त्यांच्याच मुठीत दिली आणि मनगट वरून धरलं. "डोळे मिटा."

पुढं आत्या दोनच शब्द बोलली. एक "हं" आणि दुसरा "अंहं". सर तार छेडत, ती म्हणे अंहं. पुढची छेडत, ती म्हणे हं, आणि दोघांचं मनगट मिळून वळे. शाळेचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला. हळूहळू चाकाचा आठ मोडत गेला. मग आत्यानं गुपचूप हात काढून घेतला. सरांना पत्ताच नव्हता. ते एकटेच छेडत होते, वळवत होते. एका तारेशी थबकले, नट नखभर फिरवला आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "हं."

चाक सरळ फिरत होतं. सरांनी डोळे उघडले, चष्मा पुसला, परत चाकाकडं पाहिलं. "कळलं," ते म्हणाले.

मी वही उघडून पेन सरसावलं. "काय कळलं सर? सांगा, लगेच लिहितो."

सरांनी हवेत मनगट वळवलं, अगदी आत्यासारखं. मग लहान मुलासारखे हसत सुटले. हसतहसत त्यांनी आत्याचा अर्ज पुढं ओढला. 'कामाची लेखी पद्धत' या रकान्यावर त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. अखेर तो तसाच कोरा सोडून त्यांनी खाली सही ठोकली.

आत्यानं विचारलं, "कधीपासून येऊ?"

"आजच या," सर म्हणाले, "पण आधी मला अजून एक चाक द्या."