एका पेनीची गाणी

माझ्या मामेसासऱ्यांइतका मेलेल्या माणसांत रमलेला जिवंत माणूस अख्ख्या आखातात दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. मेलेली माणसं म्हणजे त्यांचे स्वतःचे पूर्वज नव्हेत. पूर्वजांचं श्राद्धसुद्धा ते मामींनी तीनतीनदा आठवण केल्यावर करत. त्यांचा जीव जडला होता तो तीन-चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यांवर गाणी विकत फिरणाऱ्या, नावगाव नसलेल्या गायकांवर. एका कागदावर एक गाणं छापायचं, चौकात उभं राहून ते म्हणायचं आणि गर्दी जमली की कागद एका पेनीला विकायचा, असा त्या लोकांचा धंदा होता. त्यातही मामांना प्रेमाची, विरहाची गाणी वर्ज्य. "प्रेमावर कोणीही रडेल हो, उधारीवर रडून दाखवा," असं ते म्हणत. त्यांना हवी असत ती व्यापाराची आणि पैशाची गाणी. खोटं माप देणारे दुकानदार, व्याजावर फुगलेले सावकार, समुद्रात बुडालेला माल आणि त्याच्याबरोबर बुडून पुन्हा किनाऱ्यावर चालत आलेले खलाशी. पैसा तर त्या गाण्यांत चक्क माणूस असायचा. तो दार वाजवायचा, पाहुणचार घ्यायचा आणि एक दिवस रुसून निघून जायचा. मिरजेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी हुकली म्हणून मामा तरुणपणी दुबईला आले, तांदळाच्या व्यापारात पडले, आणि पुढची सगळी वर्षं तिथल्याच करामा भागातल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये राहून या गाण्यांचं मराठी करत बसले. कोणी सांगितलं होतं, असं विचारायची सोय नव्हती. कारण त्याचं उत्तर ते देत, आणि ते ऐकून अंगावर काटा येई. "त्यांनीच," म्हणत, आणि मान जराशी मागे वळवत.

मराठी करून ते गप्प बसले असते तर प्रश्न नव्हता. मामा ती गाणी म्हणत, आणि कोणी सांगितलेलं नसताना म्हणत. करामात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मिठाईचं दुकान काढलं, तेव्हा नारळ फुटतो न फुटतो तोच मामांनी गाणं सुरू केलं. चाल आरतीच्या अंगाची असल्यामुळे लोकांनी भाबडेपणाने टाळ्यांचा ठेका धरला. दोन कडवी झाल्यावर टाळ्या एकेक करून थांबल्या. गाणं होतं एका मेलेल्या दुकानदाराचं. जन्मभर त्याने मापात मारलेलं, म्हणून मेल्यावर त्याला वाळू तोलत बसवलं आहे, आणि एका पारड्यात त्याचीच सावली बसली असल्यामुळे काटा काही केल्या मध्यावर येत नाही. मालकांचा चेहरा पेढ्यासारखा पिवळट झाला. त्यांच्या सौभाग्यवतींनी घाईघाईने एसी कमी करायला सांगितला. आजही त्या दुकानात तुम्ही पेढे घ्या, काटा बरोबर आला तरी वर एक पेढा जास्तीचा पडतोच. गिऱ्हाइकांना वाटतं, मालकांचा हात सढळ आहे.

या गाण्यांच्या कागदांवर चाल लिहिलेली नसते. नुसतं 'अमक्या चालीवर म्हणावे' एवढंच असतं, आणि ती अमकी चाल कितीदा तरी कायमची हरवलेली असते. मामांना मात्र चाल कधी अडली नाही. "येते. दुपारी येते," एवढंच ते सांगत. मामी अतिशय व्यवहारी बाई. त्या म्हणत, "जुना एसी आहे. तो घरघरतो आणि यांना वाटतं गंधर्व उतरले." पण एकदा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो असताना मामी सोफ्यावर झोपल्या होत्या आणि झोपेतच काहीतरी गुणगुणत होत्या. मामा हातातला चहा तसाच धरून, डोळे मोठे करून ऐकत उभे होते. "हे गाणं मी आज सकाळी नुसतं वाचलंय," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "अजून तोंडातून काढलेलं नाही." जाग आल्यावर मामींना काही आठवेना. त्यांनी आम्हा दोघांना विचारलं, "असे काय बघताय? चष्मा तोंडावर आलाय का माझा?"

कागदांवर गाण्याच्या वर एक चित्र असायचं, लाकडी ठशाने छापलेलं. छापखानेवाले कंजूष. ठसा एकच, गाणी अनेक. त्यामुळे उंच टोपी घातलेला, एका हाताला हातमोजा आणि दुसरा हात उघडा असा एक माणूस एका गाण्यात सावकार, दुसऱ्यात नवरदेव आणि तिसऱ्यात खुनी असे. मामांची त्याच्याशी चांगलीच ओळख झाली होती. तो त्यांना करामाच्या बसथांब्यावर दिसे, पैसे पाठवायच्या दुकानातल्या रांगेत दिसे. ते त्याला नमस्कारही करत. मी हसायचो. मग एकदा आम्ही दोघं करामातल्या एका उडप्याकडे जेवायला गेलो. मामा कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवत होते.  वेटर आला, त्याने पाण्याचे तीन पेले ठेवले आणि सहज विचारलं, "वो टोपीवाले साहब चले गए क्या?" त्या दिवशी मी डोसा अर्धा टाकला. मामांनी तो संपवला. भुताखेतांनी त्यांच्या भुकेवर कधी परिणाम झाला नाही.

आता त्या धुक्याच्या सकाळचं सांगतो. एका हिवाळ्यात भारतातून तांदळाची आवक अडली आणि इकडे भाव चढायला लागले. मामांचा धंदा तोवर त्यांच्या मुलाने, निखिलने, हाती घेतला होता. निखिल इथेच जन्मला, इथेच वाढला. बाप मराठीत बोलायचा, मुलगा अर्ध्याअधिक इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि मध्ये मामी हिंदीत दोघांना गप्प करायच्या. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्यांच्या गोदामात त्या वेळी छतापर्यंत पोती होती आणि निखिल ती विकत नव्हता. "बाबा, एव्हरीवन इज होल्डिंग," त्याचं म्हणणं. "महिनाभर थांबलो तर पोत्यामागे वीस दिरहम जास्त. म्हणजे साडेचारशे रुपये, बाबा! पर बॅग!" मामांनी त्याला साठेबाजांवरची आठ-दहा गाणी ऐकवून पाहिली. तो कानाला हेडफोन लावून बसला. शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं. मामींनी मला फोन केला, "तुम्ही तरी यांना एकदा गोदामावर घेऊन जा. घरात दोघं भिंतीशी बोलतात, आणि भिंत यांना उत्तर देते असं हे म्हणतात."

सकाळी मी मामांना घेऊन निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत. रस्ता, वाळू, आकाश सगळं पुसलेलं. अशा वेळी शेजारचा माणूस हवापाण्याचं बोलला तर बरं वाटतं. मामा म्हणाले, "सध्या एक विलक्षण गाणं हाताशी आहे. दुष्काळात एक व्यापारी दारात आलेल्याला सांगतो, माझ्याकडे काही नाही. कोठार तर भरलेलं आहे. पण तो जेवढ्या वेळा 'नाही' म्हणतो, तेवढं त्याचं त्यालाच दिसेनासं होतं. आधी धान्य. मग भिंती. शेवटी त्याची बायको त्याला जेवायला हाक मारते. तो 'आलो' म्हणतो. ती आत डोकावून शेजारणीला सांगते, इथे तर कोणीच नाही."

"शेवट काय?" मी विचारलं.

"अर्धंच मराठी झालंय. पुढची कडवी राहिलीत," मामा म्हणाले आणि काचेबाहेरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत गुणगुणू लागले. मी गाडीचा वेग आणखी कमी केला.

गोदामाचं शटर वर केलेलं होतं आणि धुकं खुशाल आत शिरलं होतं. पहिली दोन पोती दिसत होती, त्यामागे नुसता राखाडी काळोख. दारापाशी निखिल सलीमभाईंशी बोलत उभा होता. सलीमभाई शारजाच्या औद्योगिक भागात कामगारांची खानावळ चालवत आणि वर्षानुवर्षं तांदूळ आमच्या मामांकडूनच नेत. माणूस काकुळतीला आला होता. "निखिलबेटा, लड़के दो टाइम चावलही खाते हैं। मैं उनको क्या बोलूँ?"

निखिल खाली बघत म्हणाला, "भाई, स्टॉक नहीं है। खलास।"

माझ्या शेजारी मामा जागच्या जागी थांबले आणि त्यांनी ते गाणं म्हणायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता. पण त्या धुक्यात तो दारात न थांबता आत गेला, पोत्यांच्या रांगांतून फिरल्यासारखा. निखिल चिडला. "बाबा, नॉट हिअर! प्लीज!" असं म्हणून तो पाय आपटत गोदामात गेला, बहुतेक मागच्या दाराने निघून जायला. मामांनी जेवढं मराठी झालं होतं तेवढं म्हटलं आणि ते थांबले.

गाणं थांबलं नाही.

आतून कोणीतरी तीच चाल पुढे म्हणत होतं. मी मामांकडे बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. सलीमभाईंनी मामांकडे बघितलं आणि टोपी सारखी केली. तेवढ्यात आतून निखिलची हाक आली, "बाबा?" अगदी लहानपणची हाक. "बाबा, व्हेअर आर यू?" आवाज पाच पावलांवरून यावा तसा. सलीमभाई पुढे झाले, मोबाइलचा दिवा लावला, समोरच्या दोन रांगांमध्ये उजेड टाकला आणि मागे वळून हळूच म्हणाले, "साहब, अंदर तो कोई नहीं है।"

मामा म्हातारे होते, गुडघ्यांनी अधू होते, आणि आयुष्यभर या क्षणाबद्दल गाणी म्हणत आले होते. त्यांनी गाणं म्हटलं नाही, मंत्र म्हटला नाही. "निख्या!" अशी मिरजेच्या गल्लीत शोभेल अशी कर्कश हाक मारली आणि सरळ त्या धुक्यात घुसले. मी धावलो, पण मला दोन पोत्यांपलीकडे पाऊल टाकवेना. त्या दोघांचे आवाज एकमेकांना शोधत होते. एकदा डावीकडून, एकदा खूप लांबून. गोदाम एवढं मोठं नाहीच मुळी. मग मामा मुलाचा दंड धरून बाहेर आले. दोघंही घामाने निथळत होते, हिवाळ्यात.

दाराशेजारच्या ऑफिसात चहा आला. निखिलने कप बाजूला सारला. "देअर वॉज नथिंग," तो म्हणाला. "नो बॅग्ज. नो वॉल. मी चालतोय, चालतोय, फक्त फ्लोअर. आणि तुम्ही गात होता."

"मी थांबलो होतो," मामा म्हणाले.

"मराठीत होतं, बाबा. आय हर्ड द वर्ड्‌ज." तो आठवून म्हणाला, "मूठ उघडून बघतो तर हाती आला कोंडा." मग त्याने भाबडेपणाने विचारलं, "पण व्यापाऱ्याच्या हातात डँड्रफ कसा?"

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण मामांचा चेहरा मी पाहिला. ते सावकाश म्हणाले, "धान्याचं टरफल, त्यालाही कोंडाच म्हणतात. पुढच्या कडव्यात आहे ते. मी अजून मराठी केलेलं नाही."

 मग निखिल उठला आणि दारात उभ्या असलेल्या सलीमभाईंना म्हणाला, "भाई, गाड़ी लगाओ। पुराना रेट।" धुकं विरल्यावर आम्ही गोदामात गेलो. पोती जिथल्या तिथे होती. सलीमभाईंचे लोक ती उचलत होते आणि "यल्ला, यल्ला" म्हणत एकमेकांना घाई करत होते. जगात सगळं ठीक चाललं असल्यासारखं.

गाण्यातल्यासारखं पुढे काही घडलं असं मात्र नाही. ज्यांनी माल दाबून ठेवला ते सगळे मजेत राहिले. शेजारच्या गोदामवाल्याने त्या भावावर नवी गाडी घेतली आणि ती मुद्दाम निखिलच्या दारासमोर लावली. निखिल कुरकुरला, "बाबा, त्याला का नाही काही झालं?" मामा हसले. "अरे, व्यापाऱ्याला शिक्षा गाण्यातच होते, म्हणून तर लोक पेनी मोजून गाणं विकत घ्यायचे. बाजारात होत असती तर फुकट बघायला मिळाली असती." निखिलने पुन्हा कधी कुणाला खोटं 'खलास' सांगितलं नाही. ते भीतीने की बापाने त्या धुक्यात दंड धरला होता त्याच्या आठवणीने, हे मी विचारलेलं नाही. ते दोघं पुन्हा बोलायला लागले, हे मात्र मामींनी मला त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं. सांगताना त्या रडत होत्या आणि सर्दी झाली आहे म्हणत होत्या.

गेल्या वर्षी मामा-मामी मिरजेला परतले. इथे कितीही वर्षं काढली तरी एक दिवस घर आवरावंच लागतं. निघायच्या दिवशी दुपारी करामातल्या त्या फ्लॅटमध्ये बांधलेल्या खोक्यांवर आम्ही सगळे बसलो होतो. सलीमभाई मोठ्या डब्यातून बिर्याणी घेऊन आले. जेवणं झाल्यावर ते संकोचत म्हणाले, "मामासाहब, जाने से पहले एक गाना हो जाए?"

मामांना गाणं म्हणा असं कोणी म्हणायची ही पहिलीच वेळ होती. ते ताठ बसले, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नुसतीच मान हलवून ते खिडकीबाहेर बघू लागले. मामींनी पदर डोळ्यांना लावला. तेव्हा कोपऱ्यातून निखिल सुरू झाला. बंदर सोडून निघालेल्या एका व्यापाऱ्याचं गाणं होतं, वस्तू विकून झाल्या, आता वारा पडायच्या आत निघायला हवं, असं काहीसं. त्याचे 'ळ' आणि 'ण' सगळे बिघडलेले, चाल भलतीकडे चाललेली. पहिल्या ओळीतला एक शब्द मामांनी न वळताच दुरुस्त केला. निखिलने तो नीट म्हटला आणि तो पुढे गेला. त्यानंतर चुका कितीतरी झाल्या. मामांनी त्या सगळ्या तशाच जाऊ दिल्या.