पट्टीवरचा आकडा

वडिलांच्या जुन्या पिकअपचा मागचा एक्सल घरघरायला लागला, तेव्हा मुरुम गावच्या मिस्त्रीनं काहीच न उघडता आतल्या गियरची नवी जोडी आणून ठेवली. "या गाडीला हीच बसती. लई गाड्या बघितल्यात म्या."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ही गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तिचा एक्सल आजवर कितीदा बदललाय, कुणाला ठाऊक? आधी उघडा आणि दात मोजा."

तो कुरकुरत मोजायला बसला. जुन्या मोठ्या गियरला त्रेचाळीस दात निघाले, नव्याला एकेचाळीस. मग मात्र मी त्याला फैलावरच घेतलं. "अहो, अंदाजानं भाजीत मीठ टाकतात, गाडीत गियर न्हाय! एक्सलवर पत्र्याची पट्टी असती, तिच्यावर दातांचा आकडा असतो. ती वाचायला काय झालं होतं?"

मिस्त्री गाडीखाली सरकला आणि एक्सल खरवडायला लागला. आधी निळा रंग निघाला, मग हिरवा, मग लाल. दर दसऱ्याला पूजेआधी आम्ही गाडीला रंगाचा एक हात देतो, अगदी खालपर्यंत. शेवटी पट्टी लागली. तिच्यावर आकडा त्रेचाळीसच होता.

"मालक," त्यानं खालूनच विचारलं, "ही रंगवली कुणी?"

आमच्या घरात दसऱ्याला ब्रश माझ्याच हातात असतो.