भवानी पेठेतला समुद्र

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा माझा सकाळचा चहा अर्धा व्हायचा होता. फोन त्याच्या पुतण्याचा, बसवराजचा. "काका गेले, सर," एवढेच तो म्हणाला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ज्याच्याशी मी जवळपास प्रत्येक विषयावर वाद घातला, तो माणूस एक वाद अर्धवट टाकून निघून गेला होता. त्या दुःखाविषयी मी इथे लिहिणार नाही. मी लिहितो आहे ते पंधरवड्याने झालेल्या शोकसभेमुळे. तिथे प्रत्येक वक्त्याला मल्लिनाथच्या घरातला समुद्र आठवला, आणि प्रत्येकाने तो चुकीचा सांगितला. एकाने त्यातले पाणी मुंबईच्या चौपाटीचे ठरवले. दुसऱ्याने ते किराणा दुकानातल्या खड्यामिठाचे केले. शेवटी बसवराज उठला आणि म्हणाला, "काकूंनी त्या समुद्राची पूजा केली, ओंजळभर हळदकुंकू आत टाकलं, आणि बघता बघता काकांचा अख्खा समुद्र खलास!" सभागृह खळखळून हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या मल्लिनाथच्या पत्नीने, नीलावती वहिनींनी, पदर सारखा केला आणि त्या समोरच्या तसबिरीकडे पाहत राहिल्या. मी बोलायला उठलो, तर सूत्रसंचालकाने वेळ संपल्याचे सांगितले. माझा वेळ संपलेला नाही. म्हणून हा लेख.

मल्लिनाथ एका कापड गिरणीच्या रंगखात्यात मास्तर होता, मी एका शाळेत भूगोल शिकवत असे. तो मला नावाने कधीच हाक मारत नसे, "काय भूगोल?" असेच विचारी. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षे. एका दुपारी तो माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहून मी प्रवाळबेटांवर देत असलेला धडा ऐकत होता. तास संपल्यावर त्याने विचारले, "प्रवाळ जिवंत असतं म्हणालास. तू पाहिलंयस?" मी म्हणालो, "पुस्तकात चित्र आहे." "चित्र मीही पाहिलंय. जिवंत पाहिलंयस का?" मी पाहिले नव्हते. त्या सुट्टीत आम्ही दोघे मालवणला गेलो, आणि ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांवर दिवसभर ओणवे होऊन राहिलो. एका दगडावर हिरव्या-तपकिरी बटणांची चादर पसरली होती. मल्लिनाथने बोट लावताच सगळी बटणे मिटली... आणि थोड्या वेळाने, आम्ही श्वास रोखून पाहत असताना, एकेक करून पुन्हा उघडली. प्रवाळाची चुलत भावंडे ती. मल्लिनाथ माझ्याकडे वळून म्हणाला, "हे सोलापुरात जगेल का?" त्याला मासे पाळण्याची हौस होती, असे सभेत कोणी म्हणाले. साफ खोटे. मासे त्याला अंगठीतल्या खड्याइतकेही महत्त्वाचे नव्हते. त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे होते.

समुद्रापासून एवढ्या लांब, जिथे उन्हाळ्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, तिथे समुद्र उभा कसा करायचा? आधी त्याने कागदावर समुद्र आखला, मग घरात. लोखंडी सांगाड्याची टाकी खाऱ्या पाण्यात गंजेल, म्हणून भवानी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत, झरोक्यातून ऊन पडते नेमक्या त्या जागी, त्याने सिमेंटचा हौद बांधून घेतला. दोन माणसे आडवी निजतील एवढा लांब, कमरेइतका उंच. दर्शनी बाजूची जाड काच एका मोडीत निघालेल्या कापड दुकानाच्या शोकेसची. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि जीवांना मारतो, हे त्याला ठाऊक होते. गिरणीत रंगकामाला वापरतात ते सौम्य आम्ल घालून त्याने हौद पुन्हा पुन्हा धुतला, पाणी भरले, उपसले, परत भरले. पेठेत नळाला एक दिवसाआड पाणी यायचे. शेजारच्या बायका दारात घागरी घेऊन उभ्या राहत आणि म्हणत, "मास्तर, आमाला प्यायला न्हाई, आन तुमी हौदाला आंगूळ घालताय की!" तेव्हापासून तो गिरणीच्या विहिरीचे पाणी सायकलवरून आणू लागला. हेही सभेत कोणी सांगितले नाही.

समुद्राचे पाणी आले ते इब्राहीमच्या ट्रकमधून. तो सोलापुरी चादरी घेऊन कोकणात जाई आणि येताना नारळ आणी. गिरणीत आम्ल ज्यांतून येई ते काचेचे मोठे बुधले मल्लिनाथने धुऊन, वाळवून, पेंढ्यात बसवून त्याच्या स्वाधीन केले. पहिली खेप उतरवताना इब्राहीम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्टर, लोगां मीठा पानी ढूँढते, तुम खारा मंगाते. दिमाग ठिकाने पे है ना जी?" मल्लिनाथ म्हणाला, "नसेल तर पुढच्या खेपेला तोही घेऊन ये." पाणी किती खारे आहे हे मोजायला त्याच्याकडे रंगखात्यातली काचेची तरंगती नळी होती. द्रावण जितके दाट, तितकी ती वर तरंगते. मालवणच्या पाण्यात ती पाचाच्या खुणेवर ठरली, आणि पाच हा आकडा त्या घरात देवाच्या नावासारखा झाला. हवेसाठी मुंबईहून आणलेला पंप होता. वीज गेली की सायकलच्या पंपाने फुगवलेल्या ट्रकच्या ट्यूबमधून बारीक नळीने बुडबुडे सोडायचे. उन्हाळ्यात हौदाला ओली गोणपाटे गुंडाळायची. यातली एकही युक्ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. मात्र एक गोष्ट त्याला मी सांगितली होती, आणि तिचे श्रेय मी सोडणार नाही: उन्हाने उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून हौदातले पाणी उतरले की भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. मल्लिनाथने काचेवर लाल तैलरंगाने आडवी रेघ ओढली. पाणी रोज त्या रेघेपर्यंत आले पाहिजे.

मग मालवणचे दगड आले, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, वरून खारे पाणी शिंपडत आणलेले. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे आले, एक तांबडे समुद्रफूल आले, दिसायला फूल पण जातीने प्राणी, थोडे मासे आले. वहिनींनी नव्या विहिरीचे करतात तसे गंगापूजन केले. हळदकुंकवाची चिमूट वाहिली, त्यातले थोडे पाण्यात पडले. चिमूट! ओंजळ नव्हे. मी तिथे उभा होतो, बसवराज तेव्हा जन्मलाही नव्हता. सकाळी झरोक्यातून ऊन उतरले की ती बटणे उघडत, आणि ते दृश्य बघायला पेठ लोटे. मी माझा वर्गच्या वर्ग तिथे नेला. जन्मात समुद्र न पाहिलेली पोरे काचेला नाक लावून उभी राहिली, आणि भूगोलाच्या शिक्षकाला त्या दिवशी प्रथमच एकही प्रश्न विचारावा लागला नाही. सगळे प्रश्न त्यांनीच विचारले.

आणि काही आठवड्यांत बटणे मिटू लागली. एकदा मिटलेली उघडेनात. समुद्रफूल फडक्यासारखे लोळागोळा झाले, खेकडे शंखातून बाहेर येऊन मरून पडले. नळी पाचावरच होती. मल्लिनाथने तीन वेळा मोजले, मी दोन वेळा. तेवढ्यात घरात कुजबुज सुरू झाली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हौदाकडे बोट दाखवून सर्वांदेखत म्हटले, "हिनं कुंकू टाकलं, दुसरं काय!" वहिनी तेव्हा विशीतल्या. त्या गप्प बसल्या नाहीत. "मासे जित्ते हाईत की," त्या म्हणाल्या. "माजं कुंकू काय निवडून निवडून मारतंय व्हय?"

मल्लिनाथ जागच्या जागी थांबला. मासे खरोखरच मजेत पोहत होते. मेले होते ते फक्त बिनहाडांचे जीव. त्याने इब्राहीमकडून थोडे पाणी, चार दगड आणि काही खेकडे नव्याने मागवले, आणि लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या. तिन्हींत सारखे पाणी, सारखे जीव. पहिलीत चिमूटभर कुंकू. दुसरीत रोज माठातल्या पाण्याची भर. तिसरीत, हौदात घालत आलो तशी, घागरीतल्या पाण्याची. ही घागर तांब्याची होती. देवघरातली, चिंचेने घासून आरशासारखी लखलखीत केलेली. समुद्राला पाणी घालायचे तर ते घरातल्या सर्वांत शुद्ध भांड्यातले, असा हट्ट खुद्द मल्लिनाथचा. "देवाची गागर माश्यांना कशाला?" असे वहिनींनी विचारले होते, तेही मी ऐकले आहे. कुंकवाच्या बरणीतले खेकडे फिरत राहिले. माठाच्या बरणीतले फिरत राहिले. घागरीच्या बरणीतले आधी सुस्तावले, मग पडले... मल्लिनाथने ती तिसरी बरणी उचलून उजेडात धरली. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मोरचूद." कापडावरचा रंग टिकावा म्हणून गिरणीत तो रोज मोरचूद हाताळी. मोरचूद म्हणजे तांब्याचेच मीठ, आणि त्याने विहिरीतले शेवाळ मरते हे त्याला ठाऊक होते. चिंचेने घासलेल्या तांब्याचा अंश पाण्यात उतरतो, माशांना तो थोडाफार सोसतो, त्या बटणांना मुळीच नाही. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि वहिनींना म्हणाला, "तुझं कुंकू नव्हे. माझी घागर." हे मी उंबऱ्यात उभा राहून ऐकले आहे. कोणाला शंका असेल त्याने माझ्यासमोर यावे.

आता मला माझ्या मित्राशीच भांडायचे आहे, आणि तो उत्तर द्यायला नाही याचा मला फायदा घ्यायचा नाही. हे वाक्य त्याने स्वयंपाकघराबाहेर कधीही उच्चारले नाही. लग्नकार्यांत, बारशांत ती कुंकवाची गोष्ट निघे, लोक हसत, आणि हा मान खाली घालून गालात हसे. मी त्याला एकदा खडसावले, "बोलत का नाहीस?" तो म्हणाला, "घरातलं घरात मिटलंय, भूगोल. आता चव्हाट्यावर कशाला?" मिटले होते ते त्याच्यापुरते. वहिनींच्या नावावर एक मेलेला समुद्र आयुष्यभर राहिला. मल्लिनाथ, हे तुझे चुकले. आणि लोकांना जे ठाऊकच नाही ते असे, की समुद्र मेला तो एकदाच. मल्लिनाथने हौद पुन्हा धुतला, पुन्हा पाणी आले, पुन्हा दगड आले, आणि या वेळी रोजची भर घालण्याचे काम त्याने वहिनींवर सोपवले. माठातले पाणी, लाल रेघ, बस. तो दुसरा समुद्र कैक वर्षे जगला. बटणांनी दगड झाकून टाकले आणि शेजारच्या भिंतीवर चढाई केली. तो मल्लिनाथचा समुद्र म्हणून ओळखला गेला, पण त्याला जगवले वहिनींनी.

पुढे इब्राहीमने ट्रक विकायचे ठरवले आणि खाऱ्या पाण्याची वाट बंद झाली. मल्लिनाथने एकही जीव हौदात मरू दिला नाही. शेवटच्या फेरीत सगळे दगड ट्रकमध्ये चढले, आणि आम्ही तिघेही. वहिनी प्रथमच समुद्र पाहत होत्या. भरती चढत होती. आम्ही दगड डबक्यांत ठेवत असताना त्या वाळूवर उभ्या होत्या. लाटा पावलांवरून पुढे जात, मागे येत, पुन्हा आणखी पुढे जात. बराच वेळ पाहून त्या मल्लिनाथला म्हणाल्या, "अय्यो, याची रेघ कुटं हाय?" इब्राहीम हसून वाळूत बसला. मल्लिनाथ हसला नाही. त्याने दूर क्षितिजाकडे बोट दाखवले, आणि मी ताबडतोब ते भौगोलिकदृष्ट्या चूक असल्याचे सांगितले.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी वहिनींची परवानगी घ्यायला गेलो. माठ अजून हौदाशेजारीच आहे, त्यातलेच पाणी त्यांनी मला दिले. मी सगळे वाचून दाखवले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिवा की, भावजी. पन तेवडी चिंचंची गोष्ट नीट लिवा. गागर देवघरातनं तेनी आनली, खरं हाय. पन चिंच लावून घासत हुते मी. रोज. पेठेत कुनाची नसंल असली लकलकीत पायजे म्हून. निम्मं माजं धरा."

"हे मला मान्य नाही," मी म्हणालो.

"तुमाला कवा काय मान्य हुतंय?" त्या म्हणाल्या. "तेनला ठावं हुतं. म्हून गप बसले. चव्हाट्यावर सांगाय गेले असते तर माजी चिंच बी सांगाय लागली असती."

 वहिनींचे निम्मे मी इथे त्यांच्या इच्छेप्रमाणे नोंदवले आहे. ते मला आजही मान्य नाही. निघताना माझे लक्ष हौदाकडे गेले. सिमेंटचा हौद हलवता येत नाही, म्हणून तो आहे तिथेच आहे. झरोक्यातले ऊन अजून त्याच्यावरच पडते. आत आता घड्या घातलेल्या चादरी आहेत, लाल, निळ्या, पिवळ्या, मल्लिनाथच्या हातच्या रंगाच्या, एकावर एक. काच स्वच्छ पुसलेली. वर बरीच जागा शिल्लक असूनही चादरी बरोबर लाल रेघेपर्यंत रचलेल्या आहेत. एक चादर बाहेर कॉटवर होती. ती आत ठेवू का, असे मी विचारले.

"नगं," वहिनी म्हणाल्या. "भरलाय तो."