लेकीच्या हातावरचा डाग

सकाळी धुकं असं काही बसलं होतं, की समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. गच्चीवर टाकलेल्या चादरी सुकायचं नाव घेईनात. उलट काल होत्या त्याहून जड झाल्या. कडकताईंनी त्या तशाच ओल्या खाली आणल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "रोलर तापवा. शेवटची खेप समजा."

कडकताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कपड्याला अशी खळ घालायच्या, की शर्ट दांडीवरून उतरून आपला आपण चालत जाईल. बोलणंही त्याच खळीतलं. मग गिऱ्हाइकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं.

रोलर म्हणजे लाँड्रीच्या मागच्या भिंतीला लागून बसवलेलं लांबलचक, तापतं लोखंडी लाटणं. दोघांनी टोकं धरून ओली चादर आत सोडायची, पलीकडून कोरी कडक बाहेर येते. लॉजच्या चादरींचं सगळं काम त्याच्यावर. आज तो जायचा होता. लेकीचं वकिलीचं शेवटचं वर्ष, फी भरायची, आणि विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. जुन्या मशिनींच्या व्यापाऱ्यानं इसार दिला होता. तो सकाळीच टेम्पो घेऊन हजर झाला.

"ताई, उचलू का?"

"हात लावून बघा, कातडी तिथंच राहील. चादरी होऊ द्या, गार होऊ द्या. तोवर बसा."

तो गाठोड्यावर बसला. पायरीवर लेक बसली होती, सुट्टीला म्हणून पहिल्या बसनं आलेली. लहानपणापासून तिची जागा तीच. अभ्यास तिथं, खाणं तिथं, भांडणही तिथूनच. वाद घालते म्हणून बाप तिला तेव्हापासून 'वकीलसाहेब' म्हणायचा. पुढं ती खरंच त्या वाटेला गेली. उंबऱ्याच्या आत मात्र तिला येऊ द्यायचं नाही, हा कडकताईंचा कायदा. एकदा तिनं इस्त्रीला हात लावला होता, तर हँगरनं पाठ शेकून निघाली होती. "ह्या घरात इस्त्री धरणारं आता कुणी जन्माला यायचं नाही," असं कडकताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पोरीला मी शिकवतेय, एकटीच्या हातावर शिकवतेय, हेही सांगायच्या. नवरा शेजारी बटणं लावत ऐकून घ्यायचा.

"आई, रोलर विकू नकोस," लेक पायरीवरून म्हणाली.

"झाली सुरुवात. वकीलसाहेब, कोर्ट बंद आहे."

"मी खरंच सांगतेय."

"तू परीक्षा दे. रोलरचं मी बघते." कडकताईंनी बँकेच्या मॅनेजरचा पांढरा शर्ट फळीवर पसरला. बाही घसरून जमिनीकडं चालली, तशी लेक सवयीनं पुढं झाली आणि इस्त्रीच्या वरून हात घालून बाही वर घेतली. स्वेटर कोपरापर्यंत सरकला.

मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, एक तपकिरी तिरपी रेघ.

इस्त्रीवरून हात घालून कपडा ओढताना तिची कड लागते, ती तिथंच. कडकताईंच्या हातावर तशी रेघ होती. नवऱ्याच्या हातावर होती.

"हे काय?"

"चहा सांडला होता."

"चहाचा डाग पसरतो. हा सरळ आहे."

"कुकर असेल मग."

"चहा की कुकर? एक काय ते ठरव." कडकताईंच्या हातात लेकीचं मनगट होतं, आणि इस्त्री शर्टावर तशीच. पहिला वास नवऱ्याला आला. तो ओरडेपर्यंत धूर निघाला होता.

लेकीनं क्षणात इस्त्री उचलली, टाचेवर उभी केली, वायर ओढली, बादलीतलं फडकं पिळून जळल्या जागी दाबलं. न बघता. फडकं कुठं असतं, किती पिळायचं, हे हातांनाच ठाऊक असल्यासारखं.

व्यापारी गाठोड्यावरून उठून उभा राहिला.

"कधीपासून?" कडकताईंनी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. हॉस्टेलजवळच्या हॉस्पिटलची लाँड्री आहे. कॉलेजच्या आधी जाते."

"कशाला? फी आम्ही भरत होतो की नाही? धुण्याचं मशिन विकलं, गळ्यातलं मोडलं..."

"फी भरत होता, आई. जेवणाचं कोण भरणार होतं?"

"जेवण हॉस्टेलात मिळतं. तूच सांगितलंस."

"मिळतं. पैसे देऊन." लेक खाली बघत म्हणाली. "सुरुवातीला दिवसातून एकदाच जेवत होते. मग वर्गात चक्कर आली, तेव्हा काम शोधलं. शेवटच्या वर्षाची फी मी मागच्या आठवड्यात भरलीय. तेच सांगायला आले होते."

नवऱ्याच्या हातातलं सुयांचं पाकीट कलंडलं, सुया फरशीवर पसरल्या, त्यानं उचलल्या नाहीत.

कडकताई उभ्याच होत्या. त्यांना ती पहिली सुट्टी आठवत होती. पोरगी गालफडं बसलेली घरी आली होती, आणि त्यांनी ह्याच फळीपाशी उभं राहून गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगितलं होतं, "अभ्यास किती असतो बघा, वाळून काटकी झालीय माझी वकील." गिऱ्हाईक हसलं होतं. पोरगीही हसली होती.

फी विचारली होती. पुस्तकांचं विचारलं होतं. कोट स्वतः धुऊन, खळ घालून पाठवला होता. जेवतेस का, हे फोनवर रोज विचारलं होतं. कुठून जेवतेस, हे एकदाही नाही.

"ताई," व्यापारी दबक्या आवाजात म्हणाला, "मग उचलायचा का?"

"नाही."

"अहो पण टेम्पो आणलाय, भाडं..."

"इसार परत घ्या, भाडं घ्या, आणि जा," कडकताई म्हणाल्या. नवऱ्यानं गल्ला उघडला. व्यापारी पुटपुटत धुक्यात गेला. टेम्पो सुरू झालेला ऐकू आला, दिसला नाही.

कडकताईंनी जळका शर्ट उचलला. पाठीवर इस्त्रीचा आख्खा आकार. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कपडा जळला नव्हता. त्यांनी तो दारातल्या खिळ्याला टांगला, आल्याबरोबर मॅनेजरला दिसेल असा. लेक परत पायरीकडं निघाली.

"कुठं चाललीस?"

लेक उंबऱ्यावर थांबली.

रोलर तापून घरघरत होता. टोपलीत लॉजच्या चादरी तशाच होत्या, ओल्या, थंडगार. कडकताईंनी वरची उपसली, एक टोक स्वतःकडं ठेवलं आणि लेकीच्या तोंडाकडं न बघता दुसरं पुढं केलं.

"धर. ओढ नीट. ढिली सोडलीस तर चुणी पडेल."