भरलेली टाकी आणि परसातली केळ

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट सांगते.

माझा पुतण्या आणि त्याची बायको मुंबईहून चाकांवरचं घर घेऊन आलेत. त्या गाडीतच झोपायचं, रांधायचं, न्हायचंसुद्धा! कालपासून ती पालीला आमच्या आंब्याच्या कलमांखाली उभी आहे.

चहा पिता पिता पुतण्या म्हणाला, "काकू, निघतो आम्ही. सांडपाण्याची टाकी भरली, आणि इथे सोडायला गटार नाही."

एवढ्या दिवसांनी आलेलं पोर एका टाकीपायी जाणार?

"अरे, आमच्या मोरीचं पाणी इतकी वर्षं कुठे जातं? परसातल्या केळीला! लाव तुझा पाइप तिकडे. ती गाडीतल्या संडासाची पेटी तेवढी आपल्या संडासात ओत."

"आणि ती केळी खायची कुणी?" सूनबाई हसली.

"तुम्हीच! पिकेपर्यंत राहा."

पाणी सुटलं. साबणाचा मुंबईकडचा वास घेऊन ते आळ्यात हळूहळू फिरलं. त्यावर उन्हाचे कवडसे डुलत होते. आम्ही तिघं पायरीवर बसून नुसते बघत राहिलो. उठावंसं कुणालाच वाटेना.

बऱ्याच वेळाने पुतण्याने पायातले बूट काढून ठेवले. "काकू, दुपारी जेवायला काय?"

तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं हो?