उशिरा हलणारी बोटं

फ्रेमवालीच्या दुकानात काचा कापायचं काम तिचा धाकटा भाऊ करायचा. गेले काही महिने त्याच्या हातून काचा निसटत होत्या. एकदा गिऱ्हाइकासमोरच ती म्हणाली, "हातात जीव नाही का तुझ्या?" तो खाली बसून तुकडे गोळा करत राहिला.

पुढे त्याला शर्टाची बटणंही लावता येईनात, तेव्हा ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत त्याच्या कोपराला विजेचे बारीक झटके दिले. प्रत्येक झटक्यानंतर बोटं उशिरा हलत असल्याचं यंत्रावर दिसलं.

"चेतापेशी क्षारांचे भारित कण आत-बाहेर करून वीज तयार करते," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "ही वीज लांब तंतूंवरून स्नायूंपर्यंत धावते. यांच्या तंतूंवरचं आवरण झिजलंय, म्हणून निरोप वाटेतच रेंगाळतो. औषधांनी बराच फरक पडेल."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी तुला नको नको ते बोलले रे."

"अगं ताई, मलाही वाटायचं, मीच आळशी झालोय."

हे ऐकून तिला जास्तच अपराधी वाटलं. हळूहळू त्याचे हात सुधारले आणि तो पुन्हा काचा कापू लागला. पण दुकानात कुणाच्याही हातून काही पडलं, तरी तो आधी "चुकलं माझं" म्हणतो, आणि ती स्वतःच खाली बसून ते गोळा करते.